जर्मनीत सिस्टर म्हणून नोंदणी: पहिल्या जर्मन धड्यापासून ‘उरकुंडे’पर्यंत

रात्रपाळी संपवून घरी आले की मोबाइलवर बहुतेक वेळा एखादा मेसेज येऊन पडलेला असतो. “ताई, जर्मनीचा व्हिसा किती दिवसांत मिळतो?” मी उलट विचारते, “जर्मन कुठवर आलंय?” मग बराच वेळ शांतता. शेवटी उत्तर येतं, “ए१ सुरू करणार आहे. पण एजंट म्हणतोय तीन महिन्यांत पाठवतो.” (ए१, ए२, बी१, बी२ या जर्मन शिकण्याच्या चढत्या पायऱ्या, ए१ सगळ्यात पहिली.)

तीन महिन्यांत कोणी जात नाही. मी मिरजेकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका केली, चार वर्षं वॉर्डात काढली आणि मग स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या रुग्णालयात आले. जर्मनच्या पहिल्या वर्गापासून नोंदणीचा कागद हातात पडेपर्यंत मला तीन वर्षांना दोन महिने कमी लागले. त्यातले आठ महिने निव्वळ माझ्या चुकांनी गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. सगळं क्रमाने सांगते, कारण यात क्रम चुकला की पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

आधी हे समजून घ्या

अमेरिकेसारखी एकच मोठी परीक्षा दिली आणि नर्स झाले, असं जर्मनीत नाही. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि परदेशी नर्सच्या शिक्षणाला मान्यता द्यायची की नाही, हे ज्या त्या राज्याचं कार्यालय ठरवतं. या प्रक्रियेला ‘आनएरकेनुंग’ म्हणतात. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये काम मिळालं तर तुमची फाइल स्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनाकडे जाते, नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालियात म्युन्स्टरला आणि बायर्नमध्ये आम्बेर्गच्या कार्यालयाकडे. कागदांची यादीही राज्यागणिक थोडी बदलते. त्यामुळे बर्लिनला गेलेल्या मैत्रिणीची यादी पाहून स्टुटगार्टची फाइल लावू नका.

शेवटी जो कागद मिळतो त्याचं नाव ‘उरकुंडे’. तो हातात आला की तुम्ही ‘फ्लेगेफाखफ्राऊ’, पुरुष असाल तर ‘फ्लेगेफाखमान’. २०२० साली नवा कायदा आला तेव्हापासून हे नाव आहे. हे पद कायद्याने राखीव आहे, उरकुंडे नसताना ते नावापुढे लावता येत नाही. त्यासाठी चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचं आहे, जर्मन बी२ पातळीचं आहे, तब्येत कामाला योग्य आहे आणि पोलिसांत काही नोंद नाही.

उरकुंडे येईपर्यंत तुम्ही वॉर्डात असता, पण सहाय्यक म्हणून. गावाकडे दहा वर्षं आयसीयू सांभाळला असला तरीही. पगारातला फरकही मोठा आहे. वृद्धसेवेतल्या संस्थांसाठी सरकारने १ जुलै २०२५ पासून ठरवलेलं किमान वेतन अप्रशिक्षित सहाय्यकाला तासाला १६.१० युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५० युरो आहे. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला सातशेच्या वर युरोंचा फरक पडतो. म्हणून तिकडे पोहोचणं हा मुक्काम समजू नका. पोहोचल्यापासून उरकुंडेपर्यंतचा काळ किती लांबेल, हे तुम्ही इथून काय तयारी करून निघता त्यावर ठरतं.

पहिलं पाऊल: भाषा, बाकी काही नाही

फाइल करायच्या आधी, एजंटला फोन करायच्या आधी वर्ग लावा. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने बी१ला पोहोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी२ला ६०० ते ८००. ड्युटी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास दिले तरी बी२ला वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवन आहे (ग्योथेचंच भारतातलं नाव), तिथे वर्गही होतात आणि परीक्षाही. बाहेरगावच्यांनी ऑनलाइन वर्ग लावावा, फक्त प्रमाणपत्र ग्योथे, टेल्क किंवा ओएसडी या परीक्षा घेणाऱ्या संस्थांचंच घ्यावं. क्लासवाल्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला ‘बी१ पूर्ण’ असा दाखला तिकडे कोणी विचारत नाही.

ग्योथेची बी१ आणि बी२ परीक्षा वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांची असते. प्रत्येक भाग १०० गुणांचा, पास व्हायला ६०. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्या मुली बहुतेक ऐकण्यात अडकतात. वाचनाची सवय आपल्याला शाळेपासून असते, पण जर्मन माणूस बोलताना कानावर पडलेलाच नसतो. दिवसातून अर्धा तास जर्मन रेडिओ लावून ठेवा, समजो वा न समजो.

मराठी माणसाला जर्मन सोपं जातं असं मी म्हणणार नाही, पण दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. एक म्हणजे तीन लिंगं. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणींना नपुंसकलिंग समजून घ्यायलाच आठवडा लागला. आपण ‘तो, ती, ते’ म्हणतच मोठे झालो. अर्थात लिंगं जुळत नाहीत. आपला सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, आपलं ‘पोरगं’ आठवा. दुसरं म्हणजे क्रियापद. गौणवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश हॉयटे नाख्टडीन्स्ट हाबे’, म्हणजे ‘कारण मला आज नाइट आहे’. इंग्रजीतून जर्मन शिकाल तर हे उलटं वाटेल, मराठीतून शिकाल तर सरळ. माझ्या बाईंनी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर माझी किती वाक्यं वाचली असती!

किती शिकून निघायचं? बी१वर व्हिसाची सोय होऊ शकते, आणि मालक तयार असेल तर त्याहून कमी भाषेवर निघायचा मार्गही २०२४ पासून आहे. तरीही शक्य असेल तर बी२ इथेच करून निघा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिकडे गेल्यावर सकाळी सहाची ड्युटी, थंडी, एकटेपणा आणि त्यात संध्याकाळचा बी२चा वर्ग. मी बी१ घेऊन गेले आणि बी२ला दोनदा बसले. माझ्या चुकलेल्या आठ महिन्यांतले पाच इथे गेले.

दुसरं पाऊल: कागद आणि नावाची भानगड

वर्ग चालू असताना कागद गोळा करा. साधारण हे लागतात: पासपोर्ट, जन्मदाखला, लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नर्सिंगची पदवी किंवा पदविका, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले, भाषेचं प्रमाणपत्र आणि तक्त्याच्या स्वरूपातला बायोडेटा. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखला अगदी शेवटी घ्या. लवकर घेतले तर फाइल टेबलावर येईपर्यंत ते जुने होतात.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र मुली विसरतात: विषयवार तासांचा तक्ता. जर्मनीतलं नर्सिंगचं शिक्षण ४,६०० तासांचं आहे, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामावर. कार्यालय तुमचे तास यांच्याशी ताडून बघतं. म्हणून ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रत्येक विषयाचे वर्गातले तास वेगळे आणि वॉर्डातले तास वेगळे लिहिलेले हवेत. मेडिकल वॉर्ड किती, सर्जिकल किती, बालरोग किती, मानसोपचार किती, सामुदायिक आरोग्य किती. बीएस्सीवाल्यांना कॉलेज आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशा दोन ठिकाणी फेऱ्या माराव्या लागतात. जीएनएमवाल्यांनी कॉलेज आणि ज्यांनी परीक्षा घेतली ते मंडळ किंवा कौन्सिल गाठावं. कॉलेजच्या प्राचार्यांना तयार मसुदा नेऊन दिला तर काम चार दिवसांत होतं, नुसता अर्ज दिला तर चार महिने. अनुभवाच्या दाखल्यावरही फक्त ‘स्टाफ नर्स होत्या’ एवढं लिहून घेऊ नका. कोणता वॉर्ड, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, काय काय काम, हे सगळं त्यात यायला हवं. चांगला अनुभव दाखला शिक्षणातली एखादी उणीव भरून काढतो.

आता नाव. यात माझे तीन महिने गेले. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. कौन्सिलच्या नोंदणीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. आधार कार्डावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. आपल्याला कळतं की ही एकच बाई आहे. जर्मन कारकुनाला त्या चार बायका दिसतात, आणि त्याचं काही चुकत नाही. पासपोर्टमधलं नाव आणि आडनाव हे प्रमाण माना आणि बाकीचं त्याच्याशी जोडणारा पुरावा तयार ठेवा: विवाह प्रमाणपत्र, राजपत्रात छापलेला नावबदल, कौन्सिलच्या नोंदणीत करून घेतलेला बदल. स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राने काम भागतं असं आपल्याकडे समजतात; तिकडे त्यावर विसंबू नका. ज्यांच्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना कोरा आहे, त्यांनी तो आधी भरून घ्यावा. आणि लग्न ठरलं असेल, फाइल अर्धी झाली असेल, तर उरकुंडे येईपर्यंत नाव बदलू नका. सासरी थोडं समजावून सांगावं लागेल, पण कारकुनाला समजावण्यापेक्षा ते सोपं.

भाषांतर जर्मनमध्ये, आणि शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. भाषांतरकार जर्मनीतलाच हवा की भारतातला चालेल, हे त्या राज्याच्या कार्यालयाला ईमेल करून आधी विचारा, कारण दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर पानागणिक पैसे जातात. अपोस्टिलचंही, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचंही तसंच. एजंट ‘सगळ्यावर अपोस्टिल मारून घ्या’ म्हणतो कारण त्यात त्याचं कमिशन असतं. कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय तो खर्च करू नका.

गोव्याकडच्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर जर्मनीचा व्हिसा लागत नाही, हे खरं. पण तुमचं नर्सिंगचं शिक्षण बांबोळीत किंवा बेळगावात झालंय, लिस्बनला नाही. मान्यतेची प्रक्रिया तुम्हालाही आमच्यासारखीच.

तिसरं पाऊल: अर्ज आणि उणिवांचं पत्र

मान्यतेचा अर्ज भारतात बसून करता येतो. फी राज्याप्रमाणे साधारण १०० ते ६०० युरो. बॉनला ‘त्सेंट्राले सर्व्हिसश्टेले बेरूफ्सआनएरकेनुंग’ नावाचं सरकारी सल्ला केंद्र आहे. परदेशात असलेल्यांना ते मोफत मार्गदर्शन करतं, कोणत्या कार्यालयाकडे अर्ज जाईल हेही सांगतं. एजंट ज्या कामाचे हजारो रुपये घेतो त्यातलं निम्मं इथे फुकट होतं.

कार्यालयाचं उत्तर येतं ते बहुतेक वेळा उणिवांच्या पत्राच्या रूपात, ‘डेफिझिटबेशाइड’. नाव वाचून घाबरू नका, हा नकार नाही. अमुक विषयात तुमचे तास कमी पडतात, एवढाच त्याचा अर्थ. वृद्धांची दीर्घकालीन सेवा ही आपल्या अभ्यासक्रमातली नेहमीची पडती बाजू, कारण आपल्याकडे ते काम सुना-मुलीच करतात, वॉर्डात येतच नाही. हेच पत्र पुढे व्हिसाला लागतं, जपून ठेवा.

ती उणीव भरायचे दोन मार्ग. एक, ‘आनपासुंग्सलेअरगांग’: ठरावीक महिने वॉर्डात काम आणि वर्ग, शेवटी त्यावरच एक संभाषण. दुसरा, ‘केन्टनिसप्र्यूफुंग’: तयारीचा अभ्यासक्रम आणि मग परीक्षा. पहिला लांबतो पण त्यात धास्ती कमी. दुसरा लवकर आटोपतो, पण नापास झालात तर पुन्हा एकदाच बसता येतं. २०२४ पासून तर कागदांची सविस्तर तुलना नकोच, थेट परीक्षेला किंवा अभ्यासक्रमाला जाते, असंही सांगता येतं. ज्यांच्या कॉलेजने तासांचा तक्ता द्यायला नकार दिलाय किंवा कॉलेजच बंद पडलंय, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे बहुतेक वेळा रुग्णालयाकडे काय सोय आहे त्यावर ठरतं. मुलाखतीत हे विचारा.

चौथं पाऊल: नोकरी, एजंट आणि करार

एक नियम पक्का धरा: नर्सने पैसे द्यायचे नाहीत, मालकाने द्यायचे. जर्मनीत ‘फायरे आनवेर्बुंग’, म्हणजे न्याय्य भरती, असं सरकारमान्य चिन्ह आहे. ते मिळालेल्या संस्था नर्सकडून भरतीचे पैसे घेऊ शकत नाहीत. जर्मन रोजगार खातं आणि जीआयझी ही जर्मन सरकारची विकास-सहकार्य संस्था मिळून ‘ट्रिपल विन’ नावाचा कार्यक्रम चालवतात, भारतात तो केरळ सरकारच्या नोर्का संस्थेबरोबर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्यातही उमेदवाराकडून फी नाही. केरळच्या मुली पुढे का असतात याचं हेही एक कारण: त्यांच्या सरकारने हे काम स्वतःकडे घेतलं. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, साधारण दहा हजार जणांना पाठवायचं ठरलं, त्यात नर्स आहेत. जाहिरात निघाली तर जरूर अर्ज करा, पण तिची वाट बघत वर्ग थांबवू नका.

भारतातल्या एजंटकडे गेलातच तर त्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे. तीन-चार लाख मागणारा माणूस काय करतोय, हे यावरून ओळखा.

आणखी एक फसगत हल्ली फार दिसते. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या मुलींना ‘आउसबिल्डुंग’ला पाठवतात. आउसबिल्डुंग म्हणजे बारावीनंतरच्या मुलामुलींसाठी तीन वर्षांचं नर्सिंग शिक्षण, विद्यावेतनासह. बारावी झालेल्यांसाठी ती उत्तम वाट आहे. पण तुम्ही आधीच नर्स आहात! मान्यतेच्या वाटेने वर्ष-दीड वर्षात जे मिळतं त्यासाठी पुन्हा तीन वर्षं विद्यार्थी होऊ नका. एजंटला ते सोपं जातं, कारण मान्यतेची फाइल लावावी लागत नाही.

करार जर्मनमध्ये येतो. सही करण्याआधी ओळ न् ओळ समजून घ्या. मान्यतेआधीचा पगार आणि नंतरचा पगार दोन्ही आकडे लिहिलेत का? बी२चा वर्ग आणि परीक्षेची तयारी कामाच्या तासांत धरली आहे का, फी कोण देणार? राहायची खोली आहे का, भाडं किती? आणि शेवटचं, परतफेडीचं कलम. ‘तीन वर्षांच्या आत सोडलंत तर इतके हजार युरो परत’ असं काही असेल, तर रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का ते बघा. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी हे कलम न वाचता सही करून आली आणि वॉर्ड नकोसा झाला तरी दीड वर्ष अडकून राहिली. असे कलम जर्मन कोर्टात टिकतातच असं नाही, पण परक्या देशात पहिल्या वर्षी कोर्टात कोण जातं? ‘फायरे इंटेग्रात्सिओन’ नावाची मोफत सल्ला केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत, करार दाखवायला ती चांगली.

पाचवं पाऊल: व्हिसा

हा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो, आणि खरं तर आधीचं नीट झालं असेल तर हाच सोपा. मान्यता पूर्ण व्हायची असेल तर व्हिसा जर्मनीच्या वास्तव्य कायद्यातल्या १६-डी कलमाखाली. तो २४ महिन्यांपर्यंत मिळतो, आणखी बारा महिने वाढू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, फी ७५ युरो. मालकाला ‘जलद प्रक्रिया’ करायला सांगा. तो तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरतो, आणि मान्यता कार्यालय, व्हिसाची भेट, निर्णय या सगळ्याला मुदती लागू होतात. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर पगाराची किंवा निवृत्तिवेतनाची जास्तीची अट पुढे आडवी येऊ शकते, मालकाला सुरुवातीलाच विचारा.

निघण्याआधी गोवराची लस. १ मार्च २०२० पासून जर्मनीत रुग्णालयात काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवराच्या संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचं लसीचं कार्ड घरात सापडणार नाही, हे धरूनच चला. इथेच दोन डोस घ्या किंवा रक्ततपासणी करून अँटिबॉडीचा अहवाल न्या.

पोहोचल्यावर

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवा. त्याशिवाय कराचा क्रमांक येत नाही, बँक खातं रखडतं. खोलीच्या दारावरच्या पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवा. नसेल तर टपाल परत जातं, आणि जर्मनीत सगळं टपालानेच येतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी मी मिरजेहून नेलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर दिवस काढला. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमे मिळून साधारण एक-तृतीयांश कापले जातात, घरी पाठवायचा आकडा त्यावरून ठरवा.

वॉर्डात

पहिल्या सकाळी मला सांगितलं, अमुक खोलीतल्या आजोबांना धुऊन घे. मला वाटलं जखम धुवायची आहे. आजोबांना अंघोळ घालायची होती.

आपल्याकडे हे काम नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी आणि मामा. सिस्टर इंजेक्शन देते, सलाइन लावते, राउंडला डॉक्टरांबरोबर फिरते. जर्मनीत नातेवाईक भेटीच्या वेळेत फुलं घेऊन येतात आणि जातात. अंग पुसणं, दात घासणं, भरवणं, संडासला नेणं हे सगळं नर्सचं काम. सलाइनची सुई टोचणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच करतात. सुरुवातीला मला हा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग बरोबरच्या एका जर्मन सिस्टरला काम करताना पाहिलं. पाठ पुसता पुसता तिने कंबरेखालची लाल झालेली जागा हेरली, श्वासाचा आवाज ऐकला, आजोबा काल ओळखत होते ते आज ओळखत नाहीत हे टिपलं, आणि बाहेर येऊन सगळं कॉम्प्युटरवर लिहिलं. दहा मिनिटांच्या अंघोळीत तिने रुग्णाची पूर्ण तपासणी केली होती. ही तयारी मनाने करून या. ज्यांना हे पटतच नाही त्या वर्षभरात परत जातात.

पाळ्या तीन: सकाळची ‘फ्र्यूडीन्स्ट’, दुपारची ‘श्पेटडीन्स्ट’, रात्रीची ‘नाख्टडीन्स्ट’. पाळी बदलताना ‘युबरगाबे’, म्हणजे आपलं हँडओव्हर. ते वाऱ्याच्या वेगाने होतं. पहिला महिना वहीत रुग्णांची नावं आगाऊ लिहून ठेवा म्हणजे फक्त बदल टिपायचे राहतात. समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणा. आपल्याला मान डोलवायची सवय आहे, आणि आपलं मान डोलवणं त्यांना हो की नाही ते कळत नाही. औषधाच्या बाबतीत त्यातून अनर्थ होतो.

पुस्तकातलं जर्मन आणि रुग्णाचं जर्मन वेगळं. आमच्याकडे म्हातारी माणसं श्वेबिश ही इथली बोली बोलतात, प्रत्येक शब्दाला ‘ले’ लावून. पुण्यातल्या क्लासात मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला थेट मालवणात नेऊन सोडावं तसं होतं. एका आजींनी मला रोज दोन शब्द शिकवायचं मनावर घेतलं होतं. चुकले की त्या हातावर चापट मारायच्या.

परीक्षा

केन्टनिसप्र्यूफुंगचे दोन भाग. तोंडी पाऊण ते एक तास. प्रत्यक्ष परीक्षेत खऱ्या रुग्णांची सेवा, एक ते चार प्रसंग, प्रत्येकी दोन तासांपर्यंत. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रुग्ण देतात, तुम्ही सेवेची योजना लिहायची, ती अमलात आणायची आणि मग आपण असं का केलं ते परीक्षकांसमोर सांगायचं.

आजारांची माहिती आपल्या मुलींना चांगली असते, तिथे कोणी पडत नाही. पडतात ते प्रतिबंधाच्या प्रश्नांत. शय्याव्रण, पडणं, न्यूमोनिया, रक्ताची गुठळी, सांधे आखडणं: या प्रत्येकाचा धोका कसा ओळखायचा आणि काय करायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी जर्मनमध्ये सांगता आलं पाहिजे. त्यांचे राष्ट्रीय ‘तज्ज्ञ-मानक’ आहेत, तेच वाचा. औषध देतानाचे सहा ‘योग्य’ (योग्य रुग्ण, औषध, मात्रा, वेळ, मार्ग, नोंद) तोंडाने म्हणत काम करा. मनात म्हटलेलं परीक्षकाला दिसत नाही. रुग्णाच्या खोलीत शिरताना दार वाजवा, नाव सांगा, काय करणार ते सांगा, पडदा ओढा. हात निर्जंतुक करताना तीस सेकंद पूर्ण चोळा, परीक्षक घड्याळ बघत असतात. माझ्या वेळी एका हुशार मुलाचे गुण फक्त पडदा न ओढल्यामुळे गेले.

उरकुंडे आल्यावर

पास झालात आणि बी२चा कागद जोडला की उरकुंडे टपालाने येते. त्याच दिवशी तिची प्रत रुग्णालयाच्या आस्थापना विभागाला ईमेलने पाठवा आणि कोणत्या तारखेपासून नर्सचा पगार लागू होईल ते लेखी मागा. आपोआप होईल म्हणून थांबलात तर एखादा महिना सहाय्यकाच्या पगारात जातो. मग परदेशी नागरिक कार्यालयातून १६-डीचा परवाना कुशल कामगाराच्या परवान्यात बदलून घ्या. त्यावर तीन वर्षं काम झालं, निवृत्तिवेतनाचे ३६ हप्ते भरले आणि बाकीच्या अटी पुऱ्या केल्या की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. नवरा-मुलांना आणायचं असेल तर याच टप्प्यावर घर शोधायला लागा. खोलीतून दोन खोल्यांत जायला मोठ्या शहरात सहा महिने लागतात, लहान गावात कमी.

आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. माझी एक मैत्रीण आईच्या आजारपणामुळे वर्षभर सांगलीला परतली. बाडेन-व्युर्टेमबेर्गची उरकुंडे तिच्या बॅगेत होती, पण सांगलीतल्या रुग्णालयाने आधी कौन्सिलचं चालू नूतनीकरण मागितलं, आणि तेच संपलेलं होतं.